नदीच्या वाळूऐवजी क्रश सँड: एका सात मजली कामाचा प्रकरण अभ्यास

या कामाचं ठिकाण, ठेकेदार, क्रशर आणि सल्लागार यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. आकडे कामाच्या नोंदींतले असले तरी वाचायला सोपे जावेत म्हणून थोडे गोल केले आहेत. क्रश सँड म्हणजे दगड यंत्रात फोडून केलेली वाळू. ती चांगली की वाईट हा वाद इथे नाही, तो केव्हाच निकाली निघाला आहे. आयएस ३८३ या भारतीय मानकाच्या १९७० च्या आवृत्तीचा रोख नैसर्गिक स्रोतांवर होता, तरी दगड फोडून केलेली वाळू तिच्यातही होती. २०१६ च्या आवृत्तीत कृत्रिम स्रोतांनाही रीतसर जागा मिळाली. प्रश्न उरतो तो साइटवरचा: बदल करताना नेमकं कुठे घसरायला होतं?

पार्श्वभूमी

सात मजली निवासी इमारत, साधी आरसीसी फ्रेम. साइटवरच काँक्रीट कालवणारा छोटा बॅचिंग प्लांट, माल म्हणजे तयार काँक्रीट पंपाने वर. कॉलम, बीम, स्लॅब सगळ्याला एम-३०, म्हणजे २८ दिवसांनी दर चौरस मिलीमीटरला ३० न्यूटन ताकदीचं काँक्रीट. मूळ मिक्स डिझाइन (घटकांचं प्रमाण) नदीच्या वाळूवर केलेलं होतं. एका घनमीटरला ३६० किलो सिमेंट, १६२ लिटर पाणी, ७४० किलो वाळू, १२२० किलो खडी आणि नॅप्थलीन जातीचं अॅडमिक्श्चर, म्हणजे कमी पाण्यात माल मऊ ठेवणारं रसायन. पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४५, पंपासाठी स्लंप (ओल्या मालाचा शंकू किती खचतो ते माप) १२० मिलीमीटर. पाया आणि प्लिंथपर्यंतचं सगळं काम याच मिक्सवर झालं आणि २८ दिवसांनी दाबून फोडलेले नमुना-ठोकळे, म्हणजे क्यूब, ३९-४० न्यूटनच्या आसपास येत होते. एम-३० साठी डिझाइन करताना सरासरी ताकद ३८.२५ धरतात, म्हणजे सगळं जागेवर होतं.

वाळूचं मात्र जागेवर नव्हतं. गाड्या अनियमित येऊ लागल्या आणि आलेल्या गाड्यांत माती वाढत गेली. शेवटच्या दोन गाड्यांची चाचणी केली तेव्हा ७५ मायक्रॉनच्या चाळणीखाली जाणारा भाग ६ टक्के निघाला. नैसर्गिक वाळूसाठी मर्यादा ३ टक्के आहे. ही काही एकट्या या साइटची कहाणी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२२ च्या अहवालात जगाचा वाळू-खडीचा वापर वर्षाला सुमारे ५००० कोटी टन असल्याचं म्हटलं आहे. नदी तेवढ्या वेगाने वाळू तयार करत नाही.

ठेकेदाराने साधा मार्ग काढला. ज्या क्रशरवरून खडी येत होती, त्याच क्रशरला "वाळूही तुमचीच पाठवा" असं सांगितलं. चलनावर "क्रश सँड" लिहिलेलं होतं. तळमजल्याचे कॉलम त्या मालात भरायला घेतले.

अडचण

पहिल्याच बॅचला मिक्सरमध्ये गोळे झाले. प्लांट ऑपरेटर बऱ्याच वर्षांचा जाणता माणूस. त्याने साइट इंजिनिअरला हाक मारली, "साहेब, ही वाळू पाणी पिते. माल पंपात जायचा नाही." इंजिनिअर वर सेंटरिंगच्या तपासणीत होता. तो तिथूनच म्हणाला, "मामा, शीटप्रमाणेच चालू द्या." शीटप्रमाणे चालेना, तेव्हा मामांनी रबरी पाइप मिक्सरमध्ये सोडला. माल मऊ झाला, पंप चालला, कॉलम भरले.

या प्रसंगात ऑपरेटरला दोष देणं सोपं आहे. म्हणूनच बॅच शीटचा, म्हणजे प्रत्येक बॅचला काय किती घालायचं त्या तक्त्याचा, हिशेब सविस्तर मांडतो. शीटमध्ये नदीच्या वाळूचा ओलावा ४ टक्के आणि शोषण (कण स्वतःत ओढून घेतात ते पाणी) १.२ टक्के धरलेलं होतं. म्हणजे २.८ टक्के मोकळं पाणी वाळूबरोबरच येतं असं गृहीत धरून प्लांट दर घनमीटरला २१ लिटर कापून फक्त १४१ लिटर पाणी सोडत होता. नवा माल जवळजवळ कोरडा होता, ओलावा अर्धा टक्का, आणि शोषण ३ टक्के. तो पाणी आणत नव्हता, उलट साडेअठरा लिटर ओढून घेणार होता. दोन्ही मिळून दर घनमीटरला सुमारे ३९ लिटरची तूट, शीट न बदलल्यामुळे. "पाणी पिते" हे ऑपरेटरचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. पाणी वाढवायलाच हवं होतं. ते किती वाढवायचं हे सांगणारा कोणी जवळ नव्हता, आणि डोळ्यांनी स्लंप बघून पाणी घालणारा माणूस ३९ लिटरवर थांबत नसतो. त्यातच हे शोषण मिक्सरमध्ये एका दमात होत नाही. काही पाणी पुढे पाइपलाइनमध्ये शोषलं जातं, माल वर पोचेपर्यंत पुन्हा घट्ट होतो आणि खालून पुन्हा पाइप सुटतो.

आणखी एक चूक कागदावरच होती. ७४० किलो वाळूच्या जागी ७४० किलो क्रश सँड टाकली होती. नदीच्या वाळूचं विशिष्ट गुरुत्व २.६२, या काळ्या दगडाच्या मालाचं २.८०. वजन तेच राहिलं तरी आकारमान २८२ लिटरवरून २६४ वर आलं. म्हणजे प्रत्येक "घनमीटर" प्रत्यक्षात १८ लिटर कमी, आणि मिश्रणात वाळूचा वाटा घटल्यामुळे माल खरबरीत. पंपाला असा माल आवडत नाही.

सात दिवसांचे क्यूब १८-१९ न्यूटनला फुटले. याच साइटवर नेहमी २५ च्या पुढे येत होते. अहवाल फाइलला लागला आणि दरम्यान कॉलमचे आणखी दोन गट भरले गेले. २८ दिवसांनी चार नमुन्यांची सरासरी ३०.८ आली, सगळ्यात कमी नमुना २७.६. आयएस ४५६ च्या स्वीकृतीच्या निकषाप्रमाणे एकेक नमुना २७ च्या वर हवा, तो होता. पण चार सलग नमुन्यांची सरासरी ३४ हवी होती, ती नव्हती. ताकदीवरून उलटा हिशेब केला तर पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.५५ च्या आसपास गेलं असावं.

काम थांबलं आणि त्रयस्थ तपासणीसाठी मला बोलावणं आलं.

प्रयोगशाळेतून मालाचा चाळणी अहवाल आला तेव्हा उरलेलं कोडं सुटलं. ७५ मायक्रॉनखाली १७ टक्के. फोडलेल्या दगडाच्या वाळूला मानक १५ टक्क्यांपर्यंत सूट देतं, हा माल त्याही बाहेर होता. भिंगाखाली कण पाहिले तर चपटे, सुईसारखे, कडा धारदार. ही क्रश सँड नव्हतीच. खडी तयार करताना चाळणीखाली पडणारी ती कच होती, साइटच्या भाषेत डस्ट. नाव फक्त चलनावर बदललं होतं.

समोरचे पर्याय

बैठकीला ठेकेदार, स्ट्रक्चरल सल्लागार, साइट इंजिनिअर आणि मी. सल्लागारांचा पहिला सूर "पुन्हा नदीची वाळूच आणा" असा होता आणि हातातले क्यूब पाहता तो समजण्यासारखा होता. पण लांबून वाळू आणायची तर स्रोत दर वेळी वेगळा, म्हणजे प्रत्येक खेपेला नवी चाळणी, नवी माती, कदाचित क्षारसुद्धा. बाहेरून रेडी मिक्स घेण्याचा पर्याय फार टिकला नाही. चौकशी केली तेव्हा तिथेही क्रश सँडच वापरात होती. त्यांचं नियंत्रण आपल्यापेक्षा चांगलं, एवढाच फरक. मग ते नियंत्रण आपणच का आणू नये?

खरी चर्चा झाली ती निम्मी-निम्मी करण्यावर. अर्धी नदीची, अर्धी क्रश सँड हा तडजोडीचा पर्याय वरवरचा वाटला तरी त्यामागे तर्क होता. क्रशरच्या वाळूत साधारणपणे २.३६ मिलीमीटरच्या वरचे जाड कण जास्त असतात आणि १५० मायक्रॉनखालची भुकटीही जास्त असते. मधला ६०० ते ३०० मायक्रॉनचा भाग उपाशी राहतो. नदीच्या वाळूत नेमका तोच भाग भरपूर, शिवाय कण गोलसर. दोन्ही मिसळल्या की चाळणीची रेषा छान बसते. आमच्याकडच्या नमुन्यांवर करून पाहिलं तर मिश्रण मानकातल्या झोन दोन या चाळणी-पट्ट्याच्या अगदी मधून गेलं.

तरीही तो पर्याय सोडला, कारण तो कागदावर जितका चांगला तितकाच यार्डात अवघड होता. प्लांटला वाळूचा एकच हॉपर. मिसळायचं तर लोडरने, म्हणजे अंदाजाने. दोन ढिगांचे दोन ओलावे. आणि ज्या वाळूचा भरवसा नाही म्हणून हा सगळा खटाटोप, तिच्यावर अर्धं अवलंबून राहायचंच. दोन हॉपर असते आणि नदीच्या वाळूचा एक तरी नियमित स्रोत असता, तर मी स्वतः याच पर्यायाच्या बाजूने बोललो असतो.

उरला पर्याय पूर्ण क्रश सँडचा, पण खरोखरच्या. सल्लागारांनी दोन अटी घातल्या: व्हीएसआय या दगडावर दगड आपटणाऱ्या यंत्रातून निघालेलाच माल, आणि नवं मिक्स डिझाइन मंजूर होईपर्यंत एकही कॉलम भरायचा नाही. दुसऱ्या अटीवर ठेकेदार कुरकुरला. अट मात्र कायम राहिली.

काय केलं

आधी भरलेल्या कॉलमचा निकाल लावणं भाग होतं. रिबाउंड हॅमरने सगळे कॉलम तपासले, त्यांतले कमकुवत वाटले त्यांतून कोअर, म्हणजे चाचणीसाठी दंडगोल तुकडे, काढले. निकष असा की कोअरची सरासरी एम-३० च्या निदान ८५ टक्के म्हणजे २५.५ हवी, आणि एकही ७५ टक्के म्हणजे २२.५ च्या खाली नको. सरासरी २८ आली, सगळ्यात कमी कोअर २५ चा. सल्लागारांनी प्रत्यक्ष भार घेऊन त्या कॉलमची पुन्हा आकडेमोड केली आणि मग लेखी मान्यता दिली. कोअरच्या खड्ड्यांत न आकसणारा ग्राउट भरला.

मग क्रशर बदलला. नव्या ठिकाणी दगड जॉ क्रशर, कोन क्रशर आणि शेवटी व्हीएसआय अशा तीन टप्प्यांतून जात होता. व्हीएसआयमध्ये फिरणारा रोटर दगड वेगाने बाहेर भिरकावतो आणि दगडावर दगड आपटून कडा झडतात. चपटे कण तिथेच मोडतात. भिंगाखाली फरक लगेच दिसतो, पण भिंगाशिवायही पाहण्याची एक सोपी युक्ती आहे. ठरावीक मापाचं भांडं घ्यायचं, ठरावीक उंचीवरून कोरडा माल न ठोकता सैल भरायचा, वर पट्टी फिरवायची आणि वजन करायचं. विशिष्ट गुरुत्व माहीत असलं की पोकळी किती ते निघतं. चाळून एकसारखा केलेला माल दोन्हीकडचा घेतला तेव्हा कचीच्या भांड्यात व्हीएसआय मालापेक्षा पोकळी स्पष्टपणे जास्त होती. ती सगळी पोकळी शेवटी सिमेंटच्या पेस्टनेच भरावी लागते.

आता आला या प्रकरणातला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा निर्णय: धुवायची की नाही? क्रशरवर दोन्ही माल मिळत होते. न धुतलेल्या मालात ७५ मायक्रॉनखाली ११ टक्के, धुतलेल्यात ४. ठेकेदार, सल्लागार, दोघांचाही कल धुतलेल्याकडे. नदीच्या वाळूच्या सवयीतून आलेला तो कल आहे. तिथे बारीक म्हणजे माती, म्हणून जितकं कमी तितकं चांगलं. क्रश सँडमधलं बारीक बहुतांशी दगडाचंच पीठ असतं. ते मर्यादेत असेल तर खडबडीत कणांमधल्या फटी भरतं, पेस्टला अंग देतं, पंपात माल फाटू देत नाही. म्हणूनच मानक एकाला ३ टक्क्यांवर अडवतं आणि दुसऱ्याला १५ पर्यंत जाऊ देतं. पूर्ण धुतलेल्या मालाची चाचणी बॅच केली तेव्हा वरती पाणी सुटलं आणि पंपाच्या बेंडपाशी माल अडकला. न धुतलेल्याने अॅडमिक्श्चर जास्त मागितलं आणि माल चिकट झाला. दोन्ही समसमान मिसळले, बारीक ७-८ टक्क्यांवर आलं आणि माल फावड्यावरून जसा सरकायला हवा तसा सरकला. मिसळण्याचं काम क्रशरच्या बेल्टवरच होत होतं, यार्डात नाही. निम्मी-निम्मीला आम्ही नाही म्हटलं होतं आणि इथे हो, ते याच कारणाने.

याच टप्प्यावर साइटवर एक गाडी परत जाता जाता राहिली. सुपरवायझरने नेहमीप्रमाणे काचेच्या नळकांड्यात मिठाचं पाणी आणि वाळू घालून हलवली आणि ठेवून दिली. वर जाड थर बसला. "बारा टक्के माती," म्हणून त्याने गाडी फिरवायला सांगितली. नळकांड्याला माती आणि दगडाचं पीठ यांतला भेद कळत नाही. दोन्ही वाळूच्या वर सावकाश बसतात. शिवाय ते मोजतं आकारमान, आणि नुकत्याच बसलेल्या भुसभुशीत थराचं आकारमान फुगलेलं असतं. नदीच्या वाळूसाठी ही झटपट चाचणी ठीक आहे, क्रश सँडला ती लावू नये. त्याऐवजी ७५ मायक्रॉनच्या चाळणीवर धुऊन, वाळवून वजन करायचं ठरलं.

शोषणाच्या चाचणीतही एक खाच आहे. वाळू पृष्ठभागापुरती कोरडी झाली की नाही ते छोट्या शंकूत भरून पाहतात. शंकू उचलल्यावर ढीग ढासळला की तो क्षण पकडायचा. क्रश सँडचे कोनदार कण आणि पीठ एकमेकांना धरून राहतात, ढीग वेळेवर ढासळत नाही, तपासणारा गोंधळतो आणि शोषणाचा आकडा भरकटतो. प्रयोगशाळेला बारीक भाग धुऊन काढून चाचणी पुन्हा करायला सांगितली. २.२ टक्के आलं आणि तेच शीटमध्ये घातलं.

आयएस १०२६२ च्या २०१९ च्या पद्धतीने नवं डिझाइन झालं. सिमेंट ३७२ किलो, पाणी १६७ लिटर, क्रश सँड ८२६ किलो, खडी ११६० किलो. वाळूचा वाटा आकारमानाने सुमारे ४२ टक्के, जुन्या मिक्समध्ये तो ४० होता. गुणोत्तर ०.४५ वर कायम ठेवलं. पाणी पाच लिटर वाढलं म्हणून सिमेंट बारा किलो वाढवलं, त्याहून जास्त नाही. नॅप्थलीनच्या जागी पीसीई (पॉलिकार्बोक्सिलेट) जातीचं अॅडमिक्श्चर आलं. या निर्णयाने पुढे एक डोकेदुखी दिली, पण तो निर्णय चुकीचा नव्हता.

प्लांटवर तीन नियम लागले. प्रत्येक पाळीत दोनदा वाळूचा ओलावा तव्यावर भाजून काढायचा आणि शीट तिथेच दुरुस्त करायची. मिक्सरपाशी असलेल्या पाइपच्या कॉकला कुलूप, किल्ली इंजिनिअरकडे. आणि माल घट्ट वाटला तर ऑपरेटरने बॅच थांबवून बोलवायचं, बोलावल्यावर इंजिनिअरने खाली यायचंच. मामांनी तिसरा नियम इंजिनिअरला दोनदा वाचायला लावला.

धुतलेल्या मालाचा ओलावा हे वेगळंच प्रकरण निघालं. ताज्या ढिगाचा माथा ३ टक्के, बुडखा ९ टक्के. लोडरने एक बादली वरून आणि एक खालून घेतली की लागोपाठच्या दोन बॅच दोन टोकांना. म्हणून दोन ढीग केले, एक निथळत ठेवायचा आणि दुसरा वापरायचा, आणि ढिगाचा तळाचा फूटभर थर लोडरने उचलायचा नाही. मिक्स डिझाइनवर जितकी डोकेफोड झाली, तितकाच फरक या ढिगांच्या शिस्तीने पडला असं मला वाटतं.

मधेच उलटलेलं काम

तिसऱ्या स्लॅबपर्यंत सगळं सुरळीत. मग अचानक स्लंप पडू लागला. प्लांटपाशी १२०, अर्ध्या तासात ४०. सिमेंट तेच, अॅडमिक्श्चर तेच, चाळणी अहवाल हुबेहूब, ७५ मायक्रॉनखाली ८ टक्के. कंपनीच्या माणसाने अॅडमिक्श्चरचा डोस वाढवायला सुचवलं. डोस वाढवला की माल सुरुवातीला पाण्यासारखा आणि नंतर तितकाच घट्ट.

आकडा तोच असूनही वागणूक बदलली म्हणजे बारीक किती हे तेच आहे, बारीक काय हे बदललं आहे. त्यासाठी मिथिलीन ब्लूची चाचणी केली. २०० ग्रॅम बारीक वाळू अर्धा लिटर पाण्यात ढवळत ठेवायची, निळा रंग पाच-पाच मिलिलिटर घालायचा आणि प्रत्येक वेळी काचेच्या कांडीने एक थेंब गाळणकागदावर टेकवायचा. मधे गडद निळा ठिपका पडतो, भोवती स्वच्छ पाण्याचं कडं. चिकणमाती शिल्लक आहे तोवर ती रंग गिळत राहते आणि कडं स्वच्छ राहतं. मातीचं पोट भरलं की कड्यात फिकट निळी झाक उतरते. ती पाच मिनिटं टिकली की चाचणी संपली. दगडाचं पीठ रंग जवळजवळ घेतच नाही. सुरुवातीच्या मंजूर नमुन्याची थोडी वाळू राखून ठेवलेली होती. तिचं मूल्य किलोला अर्ध्या ग्रॅमच्या आत आलं, नव्या मालाचं त्याच्या जवळजवळ चौपट.

क्रशरवर गेल्यावर कारण समोरच दिसलं. खाणीत वरच्या कुजलेल्या थराचा दगड काढायला घेतला होता. बेसॉल्ट कुजला की त्यातून स्मेक्टाइट जातीची चिकणमाती तयार होते, काळ्या मातीला पावसात फुगवणारी तीच. पीसीईचे लांब रेणू या मातीच्या पापुद्र्यांत शिरून अडकतात आणि सिमेंटपर्यंत पोचतच नाहीत. जुन्या नॅप्थलीनला मातीचा इतका त्रास होत नाही, म्हणून पूर्वी असला माल खपून जात असे. दुसरं म्हणजे, वाळू धुण्याचं पाणी टाकीत पुरेसं न निवळताच पुन्हा फिरवलं जात होतं. वाळूतून काढलेली माती वाळूलाच परत मिळत होती.

साइटवर आलेला तेवढा माल कॉलम-स्लॅबसाठी नाकारला आणि आवारातल्या पायवाटांच्या खालच्या साध्या काँक्रीटसाठी वेगळा ठेवला. क्रशरने खालचा ताजा दगड घ्यायला सुरुवात केली, जॉच्या आधी माती-मुरूम गळून जाईल अशी ग्रिझली चाळण दुरुस्त केली आणि निवळण टाकीला वेळ दिला. त्यानंतर दर आठवड्याला, आणि खाणीचा बेंच (दगड काढायची पायरी) बदलला की लगेच, निळा थेंब पाहण्याचा शिरस्ता पडला.

निष्पत्ती

नव्या मिक्सचे २८ दिवसांचे क्यूब सुरुवातीपासून ४० च्या आसपास राहिले, चढउतारही नदीच्या वाळूच्या दिवसांपेक्षा कमी. ते साहजिक आहे, माल एकाच क्रशरचा आणि ओलावा प्रत्येक पाळीत मोजलेला. सेंटरिंग काढल्यावर कॉलमच्या कडा नीट निघाल्या, हनीकोंब, म्हणजे मधे राहिलेल्या पोकळ जागा, जवळजवळ नव्हत्या.

स्लॅबवर मात्र मिस्त्रींना सवय बदलावी लागली. या मालातून वर पाणी कमी सुटतं, त्यामुळे पृष्ठभाग लवकर सुकतो आणि वारा असेल तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक तडा जातात. पहिल्या स्लॅबच्या एका कोपऱ्यात त्या आल्याही. पुढे फ्लोट मारून होताच प्लास्टिक कागद अंथरायचा आणि पाणी मारायला दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही, असं ठरलं.

गिलाव्याला ही वाळू चालली नाही आणि चालवायचा प्रयत्नही केला नाही. काँक्रीटच्या वाळूतला जाड कण भिंतीवर ओरखडे काढतो. गिलाव्यासाठी आयएस १५४२ मध्ये वेगळी चाळणी दिलेली आहे, तशी बारीक क्रश सँड त्याच क्रशरकडून वेगळी मागवली.

काय वेगळं करता आलं असतं

सात दिवसांचा क्यूब हा अहवाल नाही, इशारा आहे. नेहमी २५ येणाऱ्या साइटवर १८ आले त्याच दुपारी काम थांबलं असतं, तर कॉलमचे दोन गट वाचले असते आणि कोअर निम्मेच काढावे लागले असते.

खरेदीच्या पत्रात "क्रश सँड" एवढंच लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. तिथे व्हीएसआय, झोन, ७५ मायक्रॉनची वरची आणि खालची अशा दोन्ही मर्यादा, शोषण आणि निळ्या थेंबाची मर्यादा हवी. खालची मर्यादा लोक विसरतात. पंप बंद पडला की आठवते.

मिथिलीन ब्लू आम्ही अडचण आल्यावर केली. पीसीई निवडलं त्याच दिवशी ती सुरू करायला हवी होती, कारण अॅडमिक्श्चर बदललं तेव्हाच मातीबद्दलची सहनशीलता बदलली होती. चाचणी अर्ध्या तासाची आहे आणि साइटच्या खोलीत होते.

एका मुद्द्यावर सल्लागारांचं आणि माझं अजून एकमत नाही. त्यांच्या मते वाळूचा स्रोत बदलताना सुरुवातीला निम्मी-निम्मी करून हळूहळू पूर्ण बदल करावा, म्हणजे चूक झाली तरी लहान राहते. मला वाटतं अशाने चूक लपते. निम्म्या मालाची तूट ऑपरेटर पाइपने भरून काढतो, क्यूब जेमतेम पास होतात आणि शीट चुकीचीच राहते. इथे पूर्ण बदल केल्यामुळे गोळे पहिल्याच बॅचला दिसले.

क्रशरवरच्या निवळण टाकीत साचणाऱ्या गाळाचं काय करायचं हे मात्र या कामात सुटलं नाही. धुणं अर्ध्यावर आणल्याने तो कमी झाला, संपला नाही. काही गाळ सुकवून भरावात मिसळला जातो, बाकीचा खाणीच्या जुन्या खड्ड्यात जातो. पुढच्या कामाला पाण्याऐवजी हवेने बारीक भाग वेगळा करणारं यंत्र असलेला क्रशर मिळतो का, याची चौकशी ठेकेदाराने सुरू केली आहे.